पेंढा पचविणारे आणि प्लास्टिक अडकविणारे पोट

छत्तीसगडमध्ये भाताच्या पेंढ्याला ‘पैरा’ म्हणतात. पूर्व विदर्भात त्यालाच तणस म्हणतात. रायपूर, दुर्ग आणि बिलासपूरच्या मैदानी भागातील लहान चणीच्या कोसली गाईंची गुजराण प्रामुख्याने चराई आणि या पैऱ्यावर होते. माणसाला न पचणारा हा पेंढा पचविण्याचे सामर्थ्य गाईच्या जठराच्या रचनेत आहे. मात्र शहरात मोकाट फिरणाऱ्या गाईंच्या बाबतीत हीच रचना जीवघेणी ठरते.

गाय, म्हैस, शेळी व मेंढी यांच्या जठराचे चार कप्पे असतात. पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या गाईत त्याची क्षमता शंभर लिटरहून अधिक असते. त्यातील तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असून प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथील अब्जावधी सूक्ष्मजीव पेंढ्यातील तंतुमय भाग आंबवितात. त्यातून तयार होणारी आम्ले कोटीपोटातूनच रक्तात शोषली जातात आणि जनावराला लागणाऱ्या ऊर्जेचा बहुतांश भाग त्यांतून मिळतो. घाईने गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून चघळणे म्हणजे रवंथ. गाय दिवसाचे सहा ते आठ तास यात घालविते.

दुसरे जाळीपोट. तिसऱ्या कप्प्यात पुस्तकाच्या पानांसारखे पडदे असून तेथे पाणी शोषले जाते. चौथा कप्पा माणसाच्या जठराप्रमाणे पाचक रस स्रवतो. चाऱ्याबरोबर वाहत आलेले सूक्ष्मजीवही येथे व पुढे आतड्यात पचतात आणि त्यांची प्रथिने गाईला मिळतात.

पैऱ्यात प्रथिने अत्यल्प, जेमतेम तीन ते पाच टक्के असतात. त्यामुळे सूक्ष्मजीवांनाच उपासमार घडते. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरियाचे द्रावण शिंपडून तो सुमारे तीन आठवडे हवाबंद ठेवल्यास त्याची पचनीयता व पोषणमूल्य वाढते. कोटीपोटाची पूर्ण वाढ न झालेल्या लहान वासरांना मात्र असा पेंढा देऊ नये.

गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने घास ओढून घेते व निवड न करता गिळते. गाठ मारून फेकलेल्या शिळ्या अन्नाची पिशवी अशीच सबंध पोटात जाते. कोटीपोटातून पुढे केवळ बारीक झालेले कणच सरकतात. पिशवी कुजतही नाही व पुढेही जात नाही. वर्षानुवर्षे साचून तिचा घट्ट गोळा बनतो, भूक मंदावते आणि भरल्या पोटाची गाय खंगत जाते. खिळा किंवा तार गिळली गेल्यास ती जाळीपोटात अडकते व तेथून, केवळ श्वासपटलाच्या अंतरावर असलेल्या, हृदयापर्यंत पोहोचू शकते.

देशात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्यांवर ३१ डिसेंबर २०२२ पासून बंदी आहे. पिशवी जाड झाली तरी गाईच्या दृष्टीने फरक पडत नाही. साचलेला गोळा औषधाने विरघळत नाही. पशुवैद्यकाला डाव्या कुशीत छेद घेऊन, कोटीपोट उघडून तो हाताने काढावा लागतो.