विश्लेषण : नदी एक, नोंदवह्या अनेक, संकटात कामकाज टिकवणारे ‘सामायिक डेटा मॉडेल’ म्हणजे काय?

२७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांदरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी होते, त्यांत नऊ गर्भवती महिला होत्या. एनडीआरएफ, नौदल, हवाई दल, रेल्वे, पोलीस, स्थानिक प्रशासन आणि आसपासचे गावकरी यांनी मिळून सर्वांना त्याच दिवशी सुखरूप बाहेर काढले.

अशा प्रसंगी जागा एकच असते, पण प्रत्येक यंत्रणा ती आपल्या पद्धतीने ओळखते. रेल्वे किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक सांगते. रस्त्याने येणाऱ्याला गावाचे नाव लागते, तर हेलिकॉप्टरला अक्षांश-रेखांश. हे सगळे एकाच ठिकाणाबद्दल बोलत आहेत, ही खूणगाठ आधीच बांधून ठेवण्याच्या पद्धतीला सामायिक डेटा मॉडेल म्हणतात.

सामायिक डेटा मॉडेल म्हणजे नेमके काय?

अनेक कार्यालयांनी मिळून मान्य केलेला हा नोंदींचा करार असतो. कोणत्या गोष्टींची नोंद ठेवायची, प्रत्येक गोष्टीची ओळख कोणत्या क्रमांकाने पटवायची, मोजमाप कोणत्या एककात करायचे, वेळ कशी लिहायची आणि कोणती गोष्ट कशावर अवलंबून आहे, हे त्यात ठरलेले असते. त्यासाठी सर्वांनी एकच सॉफ्टवेअर वापरायची गरज नसते. प्रत्येकाची नोंदवही वेगळी राहिली तरी चालते, मात्र रकान्यांचा अर्थ सारखा हवा.

याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे पिनकोड. एकाच नावाची अनेक गावे आणि वेगवेगळ्या भाषांत, लिप्यांत लिहिलेले पत्ते यांमुळे टपाल वाटताना गोंधळ होत असे. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. पत्त्यात बदलापूर लिहा किंवा कुळगाव, ४२१५०३ हा आकडा दिसला की पत्र कुठे पाठवायचे ते कळते.

‘ऑपरेशनल रेझिलियन्स’शी याचा काय संबंध?

अडचण आली तरी अत्यावश्यक काम चालू ठेवण्याची, आणि थांबलेच तर ते लवकर पूर्ववत करण्याची संस्थेची क्षमता म्हणजे ऑपरेशनल रेझिलियन्स. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये बँका आणि वित्तसंस्थांसाठी याविषयी मार्गदर्शक टिपण काढले. महत्त्वाची कामे कोणती आणि ती कोणत्या माणसांवर, यंत्रांवर व बाहेरच्या पुरवठादारांवर अवलंबून आहेत याची मांडणी आधी करा, हा त्यातील एक प्रमुख आग्रह आहे. बँकेला जे लागू पडते, ते नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यालाही लागू पडते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात हा प्रश्न महत्त्वाचा का?

ही शहरे एकमेकांना खेटून असली तरी उल्हासनगरला महापालिका आहे, तर अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर येथे स्वतंत्र नगरपरिषदा आहेत. उल्हास नदी रायगड जिल्ह्यातील कर्जत-नेरळकडून ठाणे जिल्ह्यात येते. भिवपुरी येथील टाटा पॉवरच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणीही तिला मिळते. बदलापूरच्या बॅरेजमधून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी उचलते आणि बदलापूर व अंबरनाथला पुरवते. उल्हासनगरला एमआयडीसी पाणी देते, आणि उल्हासच्या उपनदीवरील बारवी धरणही एमआयडीसीचेच. पावसाचा अंदाज मात्र हवामान विभागाकडून येतो. म्हणजे पाण्याची साखळी एक आणि तिच्या कड्या वेगवेगळ्या कार्यालयांच्या हाती.

पत्त्यांचेही तसेच. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील माणूस कॅम्प, सेक्शन आणि बराक सांगून पत्ता देतो. महापालिका प्रभागाने, पोलीस ठाण्याच्या हद्दीने, टपाल खाते पिनकोडने आणि महावितरण वीजवाहिनीने तोच भाग ओळखते. ‘कॅम्प ४ मध्ये पाणी भरले’ असा फोन आला, तर कोणत्या वाहिनीचा वीजपुरवठा बंद करायचा हे या नोंदी जोडलेल्या असतील तरच झटकन सांगता येते.

आकडे असूनही घोटाळा कसा होतो?

पाऊस : हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर हा प्रसिद्ध आकडा २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा आहे. एखाद्या कार्यालयाने मध्यरात्र ते मध्यरात्र मोजले, तर तोच पाऊस दोन तारखांत विभागला जाईल.

शब्द : महसूल खात्याच्या निकषात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. हवामान विभागाच्या वर्गवारीत ६४.५ मिलिमीटरपासून ‘मुसळधार’ सुरू होतो आणि सर्वांत वरची पायरी २०४.४ मिलिमीटरच्या पुढे असते. एकाच शब्दाने दोन माणसांच्या डोळ्यांसमोर तिपटीने वेगळा पाऊस उभा राहू शकतो.

विसर्ग : धरणातून सोडलेले पाणी कधी क्युसेकमध्ये सांगतात, तर कधी क्युमेकमध्ये. १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. एकक लिहायचे राहिले, तर ‘१००’ या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

पातळी : बदलापूर येथे उल्हासची धोका पातळी १७.५० मीटर आहे. ही तुलना त्याच ठिकाणी आणि त्याच मोजपट्टीवर घेतलेल्या नोंदीशीच करता येते. पुराच्या वेळी नदी तासाभरातही वाढते, त्यामुळे नोंद किती वाजताची हे लिहिणे आकड्याइतकेच महत्त्वाचे.

मॉडेलमध्ये काय काय असावे?

किमान पाच प्रकारच्या नोंदी लागतात : ठिकाण, सुविधा (पंप, जलकुंभ, रुग्णालय, उपकेंद्र), मोजमाप, घटना आणि नाते. पहिल्या चार नोंदी बहुतेक कार्यालयांकडे कुठल्या ना कुठल्या रूपात असतात. राहून जाते ते नाते. अमुक पंप कोणत्या वीजवाहिनीवर चालतो, त्यातून कोणता जलकुंभ भरतो, त्या जलकुंभावर कोणते रुग्णालय अवलंबून आहे आणि कुंभात किती तासांचे पाणी असते, ही साखळी लिहिलेली असेल, तर वीज जाताच पहिला टँकर कुठे पाठवायचा हे ठरते. ती एखाद्या जुन्या कर्मचाऱ्याच्या डोक्यातच असेल, तर त्याच्या रजेच्या दिवशी यंत्रणा आंधळी होते.

सगळे नव्याने घडवावे लागते का?

नाही. केंद्र सरकारच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त गावांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना सांकेतांक दिलेले आहेत. धोक्याच्या इशाऱ्यांसाठी ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’ हा आंतरराष्ट्रीय साचा आहे. घटना कोणती, घाई किती, तीव्रता किती, खात्री किती, क्षेत्र कोणते आणि इशारा कधीपर्यंत लागू, असे रकाने त्यात ठरलेले असतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही इशारा प्रणाली याच साच्यावर उभी आहे.

मर्यादा कोणत्या?

मॉडेल केल्याने पूर अडत नाही आणि चुकीची नोंद बरोबर होत नाही. प्रत्येक माहितीला एक जबाबदार मालक लागतो. पंप बदलला, तर नोंद कोणी आणि किती दिवसांत बदलायची हेही ठरवावे लागते. वीज आणि इंटरनेट बंद पडेल तेव्हासाठी छापील प्रत हवी. रुग्ण किंवा प्रवाशांची वैयक्तिक माहिती सगळ्यांना खुली करणे मात्र अजिबात अपेक्षित नाही.

केवळ नियम करून भागत नाही, हे अमेरिकेतील बाल्टिमोरच्या १९०४ मधील आगीने दाखवले. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, पण त्यांचे होज तेथील हायड्रंटला बसेनात. त्यानंतर देशभरासाठी प्रमाण माप ठरले, तरी अनेक शहरांनी जुनेच जोड वर्षानुवर्षे वापरले.

म्हणून सुरुवात छोटी असावी. एकच सेवा निवडावी, उदाहरणार्थ पिण्याचे पाणी. तिच्याशी संबंधित कार्यालयांनी पावसाळ्याआधी एकत्र बसून ठिकाणांची नावे, एकके, वेळा आणि अवलंबित्वाची साखळी जुळवावी, आणि बॅरेजवरचा पंप बंद पडला असे समजून एकदा रंगीत तालीम करावी. कोणाच्या नोंदीत काय जुळत नाही हे त्या दिवशी समजले, तर दुरुस्तीला वेळ मिळतो. पुराच्या रात्री समजले, तर तो मिळत नाही.