संकल्पना चित्रकार (व्हिडिओ गेम)

व्हिडिओ गेममधील पात्रे, स्थळे व वस्तू कशा दिसतील हे प्रत्यक्ष निर्मितीपूर्वी चित्रांतून ठरवणाऱ्या कलावंतास संकल्पना चित्रकार किंवा कन्सेप्ट आर्टिस्ट म्हणतात. मोठ्या स्टुडिओतील नोकरी किंवा कंत्राटी काम हा या व्यवसायाचा रूढ मार्ग आहे. स्वतंत्र गेमनिर्मिती हा दुसरा, अधिक जोखमीचा मार्ग होय.

कामाचे स्वरूप

गेमचा आराखडा हाती आल्यावर चित्रकार प्रथम लहान, झटपट रेखाटने करतो. निवडलेल्या कल्पनेचे रंगीत चित्र तयार होते. त्यानंतर पात्राची समोरून, बाजूने व मागून दिसणारी रूपे मांडलेला तक्ता बनवला जातो. त्यावरून इतर कलावंत त्रिमितीय प्रारूप घडवतात. वाहनांच्या आरेखनातही कागदावरील रेखाटनापासून मातीच्या प्रारूपापर्यंत असाच क्रम असतो. त्यामुळे पिंपरी-चिंचवड व चाकण या वाहननिर्मितीच्या पट्ट्याला ही कार्यपद्धती अपरिचित नाही.

पुणे परिसरातील स्टुडिओ

फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ घेतला. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या गेमच्या नव्या आवृत्तीची घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये झाली, तेव्हा तिची जबाबदारी पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे होती, मे २०२२ मध्ये ती माँट्रियलकडे सोपवण्यात आली. मोठ्या कंपनीत प्रकल्पाविषयीचे असे निर्णय चित्रकाराच्या हाती नसतात.

स्वतंत्र निर्मिती

अनरियल इंजिन २०१५ पासून सुरुवातीचे शुल्क न भरता वापरता येते, तर ब्लेंडर हे त्रिमितीय आरेखनाचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. त्यामुळे साधनांचा खर्च घटला. मात्र चित्र म्हणजे गेम नव्हे. नियम, हालचाल, आज्ञावली, ध्वनी आणि चाचणी यांसाठी चित्रकाराला सहकारी शोधावे लागतात किंवा ती कौशल्ये स्वतः शिकावी लागतात. गुंतवणूकदारापुढे चित्रसंग्रहाऐवजी खेळता येणारा छोटा नमुना ठेवावा लागतो.

उदाहरण: 'राजी'

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा चित्रकलेला केंद्रस्थानी ठेवणारा गेम आहे. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे स्टुडिओचे संस्थापक होत. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधणाऱ्या राजी या मुलीची ही कथा आहे. दृश्यरचनेत पहाडी चित्रशैली व राजस्थानी वास्तुकला यांचा प्रभाव दिसतो, तर कथेचे काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात.

२०१७ मधील किकस्टार्टरवरील निधीसंकलन उद्दिष्टापर्यंत पोहोचले नाही. काम चालू ठेवण्यासाठी संस्थापकांपैकी एका व्यक्तीने स्वतःची सदनिका विकली. पुढे एपिक गेम्सचे अनुदान आणि प्रकाशक मिळाला. गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वनवर आला. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये त्याला पदार्पणातील सर्वोत्तम गेमसाठी नामांकन मिळाले. समीक्षकांनी दृश्यांची प्रशंसा केली. लढाईच्या रचनेवर मात्र टीका झाली. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादांची भर पडली.