फादर स्टीफन्स यांच्या दोन भाषा

परभाषा शिकणाऱ्याची योग्यता ठरविताना त्याला किती भाषा अवगत होत्या हे पाहिले जाते. कोणती भाषा त्याने कोणत्या कार्यासाठी निवडली, याचा विचार सहसा होत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या बाबतीत तो होणे अगत्याचे आहे. इंग्लंडातील विल्टशर परगण्यात सुमारे १५४९ साली जन्मलेले हे जेझुइट धर्मोपदेशक १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरले व १६१९ साली निवर्तले. मधल्या चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी सासष्टीत घालविला. तेथे त्यांनी व्याकरण लिहिले ते कोंकणीचे, आणि सुमारे ११,००० ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले ते मराठीत.

बोलीचा अभ्यास त्यांना व्यवसायामुळेच अपरिहार्य होता. श्रोत्यांशी संभाषण करावयाचे, तर घरोघरी चालणारी भाषाच आली पाहिजे. लॅटिन व्याकरणाच्या साच्यात बसविलेले त्यांचे कोंकणी व्याकरण पुढे दियोगु रिबैरु यांनी वाढविले व ते १६४० साली रायतूर येथे छापले गेले. भारतीय भाषेचे मुद्रित झालेले हे पहिले व्याकरण मानले जाते. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे, असे निरीक्षण स्टीफन्स यांनी १५८३ साली आपल्या बंधूस लिहिलेल्या पत्रात नोंदविले होते. विल्यम जोन्स यांच्या १७८६ मधील व्याख्यानाच्या दोन शतके आधीचे म्हणून या वाक्याचा गौरव होतो. परंतु त्यामागे कोणतीही उपपत्ती नव्हती, हेही विसरता कामा नये.

मग पुराण कोंकणीत का नाही? मराठीच्या अभिमान्यांस कवीने केलेली मराठीची स्तुतीच पुरेशी वाटते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात गोव्यातून गेलेली रोमन लिपीतील जुनी हस्तलिखिते आहेत. त्यांत रामायण-महाभारतातील कथा कोंकणी गद्यात, तर पद्यरचना मराठीत आढळते. म्हणजे बोलण्यासाठी एक भाषा व पुराणकाव्यासाठी दुसरी, ही वाटणी स्टीफन्स यांनी निर्माण केलेली नव्हे. ती त्यांना आयती मिळाली. पुराणाच्या आरंभीच एक श्रोता गाऱ्हाणे मांडतो, की आमची पूर्वीची पुस्तके तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? ज्यांची पुराणे हिरावून घेतली गेली त्यांना पुराण द्यावयाचे, तर ते त्यांच्या कानास पुराण वाटेल अशाच भाषेत व ओवीतच द्यावे लागणार होते.

तथापि ही निवड त्यांनी जशीच्या तशी स्वीकारली नाही. शुद्ध मराठी सामान्य जनांस कळत नाही, म्हणून पूर्वीच्या कवींचे कठीण शब्द टाकून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतील, म्हणजेच कोंकणीतील, सोपे शब्द मिसळले आहेत, असे त्यांनी प्रस्तावनेत स्वतःच सांगितले आहे. पुराणात पदोपदी दिसणारी कोंकणी रूपे परकीयाच्या अपुऱ्या ज्ञानाची चिन्हे मानणाऱ्या टीकाकारांनी हे निवेदन ध्यानात घ्यावयास हवे होते.

लिपीच्या बाबतीत मात्र त्यांच्या इच्छेस यश आले नाही. पुस्तक देशी अक्षरांत छापावे असे त्यांच्या मनात होते. पण रोमनचे २४ साचे पुरतात तेथे या अक्षरांस सुमारे ६०० लागतात, ही अडचण त्यांच्या १६०८ च्या पत्रात आली आहे. अखेर १६१६ साली पुराण रोमन अक्षरांत निघाले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या, तरी तिहींपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही.

१६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढून देशी लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा शिकावी असे फर्माविले. शतकापूर्वी पाद्री लोकांची भाषा शिकत होते. आता लोकांवर राज्यकर्त्यांची भाषा लादली गेली. पुराण तरले ते हाताने उतरून घेतलेल्या पोथ्यांत. अशाच पोथ्यांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले, तेही रोमन लिपीतच. लंडनमधील मार्स्डेन संग्रहात मात्र त्याची एक देवनागरी पोथी आहे.