अनौपचारिक शिक्षणाची नोंद : युरोपातील ‘यूथपास’

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षणाला गुणपत्रिका असते. शिबिरांत, स्वयंसेवेत आणि युवक मंडळांच्या कार्यात युवक-युवती जे शिकतात, त्याची मात्र बहुधा कोठेच नोंद होत नाही. शिबिराचा हिशेब चोख ठेवणारा किंवा गटातील मतभेद मिटवणारा युवक नोकरीच्या मुलाखतीत या गुणांविषयी काही दाखवू शकत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी युरोपीय संघाने ‘यूथपास’ हे प्रमाणपत्र सुरू केले.

‘यूथपास’चा आरंभ २००७ साली ‘यूथ इन अ‍ॅक्शन’ या कार्यक्रमात झाला. आज ते ‘इरॅस्मस प्लस’ आणि ‘युरोपियन सॉलिडॅरिटी कोर’ या कार्यक्रमांच्या युवा उपक्रमांत दिले जाते. निरनिराळ्या देशांतील १३ ते ३० वर्षे वयाचे युवक ५ ते २१ दिवस एकत्र राहतात, ते युवा मेळावे हा त्यांतील एक प्रमुख उपक्रम होय. प्रमाणपत्र मागणे हा सहभागी व्यक्तीचा हक्क असून ते देणे ही आयोजक संस्थेची जबाबदारी असते.

प्रमाणपत्रात सहभागाची पुष्टी व उपक्रमाचे वर्णन असते. त्याचा गाभा मात्र पुढे येतो : आपण काय शिकलो, हे युवक स्वतःच लिहितो. त्यासाठी तो मार्गदर्शकाशी संवाद साधतो आणि भाषा, डिजिटल कौशल्ये, नागरिकत्व, उद्योजकता इत्यादी आठ प्रमुख क्षमतांचा आधार घेतो. येथे परीक्षा नसते, गुणही दिले जात नाहीत. त्यामुळे या प्रमाणपत्राला पदवीचा दर्जा नाही. त्याला किती महत्त्व द्यावे, हे नोकरी देणाराच ठरवतो.

युरोपीय संघाच्या परिषदेने २० डिसेंबर २०१२ रोजी केलेल्या शिफारशीत अशा शिक्षणाच्या मान्यतेचे चार टप्पे सांगितले आहेत : ओळख, नोंद, मूल्यमापन व प्रमाणन. ‘यूथपास’ मुख्यतः पहिल्या दोन टप्प्यांचे कार्य करतो. भारतात २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत कामातून मिळवलेल्या कौशल्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली; तिचा भर व्यावसायिक कौशल्यांवर आहे. स्वयंसेवेतून येणारे नेतृत्व व समंजसपणा तिच्या कक्षेत सहसा येत नाहीत.

ही नोंद ठेवण्यास शासकीय योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. शिबिराच्या अखेरीस प्रत्येकाला तासभर वेळ देऊन ‘मी काय केले आणि त्यातून काय शिकलो’ हे लिहावयास सांगणे कोणत्याही युवक मंडळाला शक्य आहे. आपले गुण शब्दांत मांडता येणे, हेही एक शिक्षणच आहे.