सात ब्रेक, सत्तेचाळीस माणसं
अपघात झाला की आपण विचारतो, चूक कुणाची? माझ्या संशोधनातला प्रश्न त्याच्या आधीचा आहे: चूक झालीच, तर सावरायला काय ठेवलं होतं?

कॅनडातलं लाक-मेगांतिक बघा. ५ जुलै २०१३ च्या रात्री कच्च्या तेलाच्या ७२ वाघिणींची मालगाडी गावापासून साधारण ११ किलोमीटरवर, उतारावर उभी होती. चालक एकटाच, हातब्रेक लावलेले सातच. इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केलं आणि एअरब्रेकचा दाब हळूहळू उतरत गेला. मध्यरात्रीनंतर गाडी घरंगळत गावात शिरली. ४७ माणसं गेली.

तीन कर्मचाऱ्यांवर खटला चालला; २०१८ मध्ये ते निर्दोष सुटले. एकट्या चालकावर गाडी सोपवायचा निर्णय मात्र कंपनीचा होता, मुभा सरकारची. रुळांशेजारी राहणाऱ्यांना कुणी विचारलं होतं, सांगा?