तुकुमाची अट

चंद्रपूर शहरात ताडोब्याच्या वाटेवर तुकुम नावाची मोठी वस्ती आहे. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कित्येक गावांच्या नावांनाही हा शब्द चिकटलेला दिसतो. आज तो पत्त्यापुरता उरला असला, तरी मुळात तो जमीनधारणेचा एक प्रकार होता. जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन, ही चांद्याच्या (म्हणजे चंद्रपूरच्या) गोंड राजांची रीत होती. परंपरा तिचे श्रेय त्यांच्यातल्या हीरशहाला देते. गाव किंवा संस्था बदलत्या हवामानापुढे किती तग धरेल हे तपासताना हल्ली पाणीसाठा, गाळ, पाळेची उंची यांची मोजमापे होतात. माझ्या मते आधी तपासायला हवी ती तुकुमातली अट: लाभ ज्याचा, दुरुस्ती त्याची आणि पाणी सोडण्याचा निर्णयही त्याचाच.

हजार-बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात तलाव हवेत कशाला, असे बाहेरच्याला वाटते. पण धानाचा हिशेब एकूण पावसावर चालत नाही, वेळेवर चालतो. रोवणीला पाणी हवे आणि हस्त नक्षत्र कोरडे गेले तर लोंबी भरायलाही हवे. तलाव राखला जाई तो याच एक-दोन पाण्यांसाठी. वरच्या तलावाच्या सांडव्यावरून निघालेले पाणी खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, उतरे, त्यामुळे एका गावाची हयगय पुढच्या गावालाही भोवत असे. १८६०च्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी मालगुजारांना गावांची मालकी दिली. मालगुजाराची स्वतःची सीर जमीन बहुधा तलावाखालीच असे. पाळ फुटली तर आधी त्याचेच धान बुडे, म्हणून पाळ दुरुस्त होई.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: पाळेवर माती टाकणारे हात कुळांचे होते आणि अनेकदा ते वेठीला धरलेले होते. मालगुजार उदार होता असे म्हणायचे कारणच नाही. ती व्यवस्था औदार्यावर उभी नव्हती, आणि मालगुजारी गेली हे योग्यच झाले. पण ३१ मार्च १९५१ला मध्य प्रदेशच्या कायद्याने मालकी सरकारकडे आली तेव्हा तलाव सरकारचा झाला आणि त्याचे काम कोणाचेच राहिले नाही. निस्ताराच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या वहिवाटीच्या हक्काने फुकट पाणी मिळत होते, त्यावर पट्टी कसली, असे शेतकरी म्हणाले. पट्टी नाही तर दुरुस्तीला पैसा कुठला, असे खाते म्हणाले. दोघांचेही खरे होते आणि गाळ साचत राहिला. पुढे मासेमारीचे ठेके आले. मासे धरणाऱ्या ढिवरांना पाणी तलावात राहायला हवे, धानवाल्याला ते हस्तात बाहेर हवे, आणि तलावाच्या पोटात शेती करणाऱ्या अतिक्रमणदाराला ते नकोच असते. ‘माजी मालगुजारी’चा ‘मामा’ झालेल्या तलावाचे भाचे असे तीन दिशांना ओढतात.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. १८९९-१९००च्या दुष्काळात तलावांनी तरी कुठे वाचवले? तलाव त्याच वर्षीच्या पावसावर भरतो. पाऊसच नसेल तर उंच पाळही कोरडीच. पुढे सरकारने घोडाझरी, आसोलामेंढा असे मोठे तलाव बांधले, आणि १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्दचे पाणी आज आसोलामेंढ्याशी जोडले गेले आहे. मोठ्या पाण्याची ही गरज मला मान्य आहे. मात्र आताचा रोग वेगळा आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या व्यापक घटना सुमारे तिप्पट झाल्याचे २०१७च्या एका अभ्यासात दिसले. कोसळणारा पाऊस आणि मधली उघडीप, नेमके यावरच लहान तलावाचे औषध चालते. अडचण एवढीच की न राखलेली पाळ अशाच पावसात फुटते.

पाळ राखणे गावाला झेपेल का, हा तिसरा प्रश्न. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तिथे निर्णय, उत्पन्न आणि राखण एका जागी आली, म्हणजे तुकुमाचीच अट, फक्त राजाऐवजी ग्रामसभेकडून. पण मेंढा हे लहान गोंड गाव आहे. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडच्या गावात जमीनवाला, ढिवर आणि भूमिहीन एकाच पाळेवर उभे राहतात. तिथे नुसती नक्कल चालणार नाही, ढिवरांचा वाटा आधी ठरवावा लागेल. २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण’ योजनेत यंत्र एका उन्हाळ्यात गाळ उपसते. उपसलेला गाळ शेतात जातो, त्याच्या फेऱ्यांची नोंद होते. हस्तात मोरी कोणी उघडायची, याचा रकाना मात्र त्या नोंदीत नसतो.