विकणाराचा शब्द आणि घेणाराचा विश्वास

पाण्यांत म्हैस आणि बाहेर मोल, अशी मराठींत म्हण आहे. न पाहिलेल्या मालाचा सौदा करणाराला तो टोमणा आहे. परंतु म्हैस समोर उभी असली तरी ती दूध किती देते हें विकणाराच्या तोंडूनच कळावयाचें. जुन्या मोटारगाडीचें असेंच आहे. तिचा रंग आणि गाद्या कोणालाहि दिसतात. ती कोणत्या सालीं बांधली आणि किती मैल धांवली हें नुसतें पाहून समजत नाहीं. तेथें विकणाराच्या शब्दावरच विसंबावें लागतें. तो शब्द चुकीचा ठरला तर नुकसान कोणीं सोसावें? हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयांनीं तीन शतकांहून अधिक काळ घोळविला, आणि भारताचा मालविक्रीचा कायदाहि त्याच परंपरेंतून आला आहे.

प्रारंभीं कायद्याचा कल विकणाराकडे होता. १६०३ सालचा एक खटला प्रसिद्ध आहे. बेझोआर नांवाचा, जनावराच्या पोटांत सांपडणारा खडा त्या काळीं विषावर उतारा म्हणून नांवाजलेला होता. हें नांवच मुळीं फारसी ‘पादजहर’ या शब्दावरून आलें. एका सोनारानें बेझोआर म्हणून एक खडा शंभर पौंडांस विकला. तो खरा नाहीं असें म्हणून गिऱ्हाइकानें दावा केला. न्यायालयानें तो मान्य केला नाहीं. नुसतें ‘हा बेझोआर आहे’ असें म्हणणें म्हणजे हमी देणें नव्हे. स्पष्ट हमी दिली होती, अथवा खोटें असल्याचें ठाऊक असून विकलें, असें फिर्यादींत म्हटलेलें पाहिजे, असा निर्णय झाला. घेणारानें सावध असावें, हेंच त्या युगाचें सूत्र होतें.

सतराव्या शतकाच्या अखेरीस सरन्यायाधीश होल्ट यांनीं या कडकपणाला मुरड घातली. सौद्याच्या वेळचें विधान हमीच्या हेतूनें केलेलें असेल तर ती हमीच होय, असें त्यांचें मत पडलें. पुढें सर मॅकेंझी चामर्स यांनीं रचलेला मालविक्रीचा कायदा १८९३ सालीं इंग्लंडांत मंजूर झाला. वर्णन सांगून माल विकला असतां माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे, असें त्याच्या १३ व्या कलमानें ठरविलें. भारतांत हेंच तत्त्व १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १५ व्या कलमांत आलें.

मोटारगाड्यांनीं या तत्त्वाची खरी कसोटी पाहिली. १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निकालांत विकणारा सामान्य गृहस्थ होता, आणि घेणारे होते मोटारींचे व्यापारी. त्यानें आपली जुनी मॉरिस गाडी १९४८ ची म्हणून दिली व तिचे २९० पौंड धरले गेले. नोंदणीपुस्तकांतहि तेंच साल होतें. कांहीं महिन्यांनीं चासीच्या क्रमांकावरून ती १९३९ ची निघाली. दोन्ही सालच्या गाड्या दिसण्यांत सारख्याच. १९३९ च्या गाडीचे १७५ पौंडच मिळाले असते. म्हणून व्यापाऱ्यांनीं फरकाचे ११५ पौंड मागितले. अपील न्यायालयानें बहुमतानें त्यांचा दावा फेटाळला. गृहस्थानें पुस्तकांत वाचलें तेंच सांगितलें. खरें साल जाणण्याचें दुसरें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. व्यापाऱ्यांना मात्र चासीचा क्रमांक कारखान्याकडे पाठवून त्याच वेळीं खात्री करून घेतां आली असती.

१९६५ सालीं पारडें उलटें फिरलें. येथें विकणारा व्यापारी होता. नवें यंत्र बसविल्यापासून आपली बेंटली गाडी वीस हजार मैलच चालली आहे, असें त्यानें सांगितलें होतें. वस्तुतः ती लाखाच्या आसपास धांवली होती. गाडीचा पूर्वेतिहास शोधणें त्याला सहज शक्य होतें. त्याच न्यायालयानें, लॉर्ड डेनिंग यांच्या अध्यक्षतेखालीं, त्याचा शब्द हमी मानून गिऱ्हाइकाची भरपाई कायम केली.

१९६७ चा निकाल तर आणखी पुढें गेला. जाहिरातींत १९६१ ची हेरल्ड गाडी म्हटलें होतें. विकणारा व्यापारी नव्हता, आणि तो प्रामाणिकहि होता. घेणारानें गाडी पाहूनच घेतली. नंतर उमगलें कीं, मागील अर्धा भाग १९६१ चा आणि पुढील अर्धा त्याहून जुन्या गाडीचा, असे दोन तुकडे जोडून ती उभी केली होती. ही विक्री वर्णनावरून झालेली आहे, असें ठरवून न्यायालयानें घेणाराला भरपाई दिली. माल डोळ्यांनीं पाहिला म्हणून वर्णनाचें मोल संपत नाहीं, हें येथें निश्चित झालें.

भारतांत १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें सामान्य मनुष्याला जिल्ह्याच्या ठिकाणींच दाद मागण्याची सोय झाली. त्याच्या जागीं आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत येऊं लागला. जुना अगर डागडुजी केलेला माल नवा म्हणून खोटेंच भासविणें ही त्याच्या दृष्टीनें अनुचित व्यापारी प्रथा होय. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत करावी लागते, आणि ती आपण राहतों त्या जिल्ह्यांतहि करतां येते. ही वाट मात्र व्यापाऱ्याविरुद्ध आहे. खासगी मालकाकडून गाडी घेतली असेल तर दिवाणी न्यायालयाचें दार ठोठवावें लागतें. दोन्हीकडे विचारलें जातें तें एकच, विकणारा नेमकें काय बोलला? म्हणून जाहिरातीचें कात्रण, पत्र आणि पावती जपून ठेवणारा घेणाराच तेथें उभा राहूं शकतो.

सोनाराचा शब्द वाऱ्यावर विरून गेला; हेरल्डवाल्याचा शब्द मात्र त्याच्या गळ्यांत पडला. घेणारानें सावध असावें हें आजहि खरें आहे. पण बोलणारानेंहि सावध असावें, ही जोड त्याला मिळाली, आणि विश्वासानें पैसे मोजणाराला न्यायालयांत पाय ठेवण्यापुरती जागा झाली.